न घेतलेलं माप

कारागिराच्या दुकानात शिरलं की आधी दिसायचे ते पाय. बुटांचं दुकान म्हटल्यावर माणूस काचेच्या कपाटात मांडलेले चकचकीत जोड शोधणार, पण इथे तसलं काही नव्हतं. इथे मागच्या भिंतीवर पार छतापर्यंत खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला लाकडी पावलांचा एकेक जोड टांगलेला होता. धंद्यात त्याला कलबूत म्हणतात, कारागीर आपला सरळ साचा म्हणायचा. गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घ्यायचं, त्या मापानं लाकूड तासून हुबेहूब त्याचं पाऊल घडवायचं आणि मग त्या लाकडावर चामडं ओढून बूट बेतायचा, अशी त्याची पद्धत. कुणाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलं, कुणाला कुरूप झालं, की साच्यावरही बरोबर त्याच जागी तो चामड्याची चकती चिकटवायचा, म्हणजे पुढचा बूट तिथे बोचत नसे. माणसं म्हातारी होत गेली तसे त्यांचे साचेही त्या भिंतीवर म्हातारे होत गेले. मापं लिहून ठेवायची त्याला कधी गरज पडली नाही.

मेलेल्या गिऱ्हाइकाच्या साच्याबद्दल मात्र एक नियम होता. ज्याच्या हाताखाली कारागीर शिकला तो उस्ताद तोंडाचा मोठा फाटका माणूस, शिवी हासडल्याशिवाय पाणीही मागायचा नाही. पण ही एक गोष्ट सांगताना तो आवाज खाली आणायचा. माणूस गेला की त्याचा साचा उतरवायचा आणि सरस शिजवायच्या शेगडीत घालायचा. तासून दुसऱ्याच्या पायाला लावायचा नाही, लाकूड कितीही उत्तम असो. का म्हणून विचारलं तर म्हणायचा, लाकूड महाग असतं हे मलाही कळतं. एवढंच. कारागिरानं पुढे हा नियम इमानानं पाळला. शेजारचा शिंपी गेला, शाळेचे हेडमास्तर गेले, त्यांचे साचे त्यानं लगोलग जाळले आणि त्याच विस्तवावर शिजलेल्या सरसानं इतरांचे बूट चिकटवले. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

एक साचा तेवढा राहिला होता. तो त्याच्या बायकोचा.

पुढे दुसरी आल्यावर लोक तिला थोरली म्हणू लागले, तेव्हा आपणही थोरलीच म्हणू. अंगानं किडकिडीत, बोलायला बेताची. दुकानातच खिडकीपाशी बसून ती बुटांचे वरचे भाग शिवायची, आणि दिवसभरात दोघांत दहा वाक्यं झाली तर खूप झाली. पण ज्यांना एकमेकांचं पाठ असतं त्यांना बोलावं कशाला लागतं? लहानपणीच्या कुठल्याशा दुखण्यानं तिचा डावा पाय जरा कमी पडायचा. घर दुकानाच्या वर होतं आणि मधे लाकडी जिना. त्या जिन्यावरून ती उतरू लागली की एका पायाचा ठोका पडायचा आणि दुसऱ्या पायाची टाच फळीवर घासत यायची, आणि ते ऐकता ऐकता कारागिराचा हातोडा त्याच तालावर पडू लागायचा, त्याचं त्याला कळायचंही नाही. साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. तो चारचौघांत रडला नाही. लोक म्हणाले, घट्ट मनाचा आहे.

लोकांना काय, ते काहीही म्हणतात. ताईला मात्र खरं ठाऊक होतं. ताई म्हणजे कारागिराची मोठी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची, आणि भावाच्या घरात आपलं चालतं हे तिनं कधी लपवलं नाही. भाऊ जेवताना दोन ताटं मांडतो आणि मग एक उचलून ठेवतो, हे तिनं वर्षानुवर्षं पाहिलं. शेवटी एक दिवस तिनं पदर खोचला. इस्पितळातली एक नर्स होती, पाठच्या भावंडांचं करता करता स्वतःचं लग्न राहून गेलेली. तिच्याशी ताईनं परस्पर बोलून टाकलं, आणि भावाला सांगितलं ते सगळं ठरल्यावर. तो नाही म्हणाला नाही. मग ताई घर आवरायला बसली. थोरलीचे कपडे गेले, चष्मा गेला, फणी गेली, पलंगही गेला, आणि कारागीर एकेक वस्तू स्वतःच्या हातानं काढून देत राहिला. ताईला भावाचा इतका अभिमान वाटला, की भेटेल त्याला ती सांगत सुटली. शेवटी ती खाली दुकानात आली आणि भिंतीकडे बोट करून तिनं विचारलं, "आणि ते?"

"लाकूड आहे," तो म्हणाला. "वापरात आणतो."

"आण बाबा. घर झाडावं तर कोपरा ठेवून झाडू नये."

होणाऱ्या बायकोला सगळं इस्पितळ सिस्टर म्हणायचं, तेच नाव या घरातही आलं. बाई मोठ्या आवाजाची, मोठ्या हसण्याची, दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारी. ती येतेय हे लांबच्या वॉर्डातल्या रोग्यांनाही आधी कळायचं, आणि ज्यांनी चोरून काही खाल्लेलं असायचं ते तोंड पुसायला लागायचे. दिवसभर उभ्यानं काम, त्यामुळे पाय भरून यायचे. बाजारातला एकही बूट तिला सुखाचा झाला नव्हता. लग्नाचं काय हवं असं ताईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, दागिना नको, बूट करून द्यायला सांगा.

ती दुकानात आली, स्टुलावर बसली, चपला काढल्या आणि तिनं उजवा पाय पुढे केला. कारागीर टेप आणि कागद घेऊन खाली बसला. आजवर त्यानं किती पाय हातात घेतले असतील त्याला गणती नव्हती. बायकांचे, पुरुषांचे, घामट, भेगाळलेले, सुजलेले, आणि कधी त्याला त्यात लाज वाटली नव्हती की किळस. पण हा पाय घ्यायला त्याचा हात पुढे होईना. त्यानं मान वर करून भिंतीकडे पाहिलं, मग टेप गुंडाळून खिशात घातली.

"राहू द्या," तो म्हणाला. "मला नजरेनं कळतं."

सिस्टर हसली. एवढी नजर असेल तर लपवाछपवी करायला नको, असं काहीतरी म्हणाली आणि तिनं पाय चपलेत घातला. झालं, एवढंच झालं. माप न घेता ज्यानं कधी कुणाच्या बुटाला हात लावला नव्हता त्यानं स्वतःच्या बायकोच्या बुटाला लावला, आणि त्यात आपण काही चूक करतोय असं त्याच्या मनातही आलं नाही.

त्यानं थोरलीचा साचा खाली घेतला. अंगठ्याच्या मुळाशी बसवलेली चकती चामडं कापायच्या रापीनं उचकटून काढली, चवड्याला कानस मारली, टाचेला थोडं वाढवलं. उस्तादाचा नियम मोडतोय हे त्याला कळत होतं, नाही असं नाही. पण जाळून कुणाचं भलं होतं? जुनं धरून बसायचं नसेल तर ते नव्याच्या कामी लावावं, यापेक्षा सरळ काय असणार? एका दगडात दोन पक्षी. दिवसभर लाकडाचा भुसा त्याच्या मांडीवर पडत राहिला आणि संध्याकाळी उठून त्यानं तो झटकला, तेव्हा त्याला खरोखरच हलकं वाटलं.

बूट काळे, नाडीचे, आणि देखणे झाले. पहिले काही दिवस ते सिस्टरला चावले. ती लंगडत जिना उतरायची आणि म्हणायची, नवरा नवा, बूट नवे, कुठेतरी चावणारच. मग हळूहळू ते तिच्या पायाला इतके नेमके बसले की जसे अंगचेच. आणि घर पुन्हा घर झालं. सकाळी ती जिन्यावरून धाडधाड उतरली की भिंतीवरचे साचे खुंट्यांवर एकमेकांना आपटायचे, कारागीर वर न बघता म्हणायचा, अहो, गिऱ्हाइकांचे पाय मोडाल, आणि ती आणखी जोरात पाय आपटून निघून जायची. तो तिला अहो-जाहोवरून अगं-तुगंवर कधी आला ते दोघांनाही कळलं नाही. या वयात असं काही आपल्या वाट्याला येईल असं त्याला वाटलं नव्हतं. ती त्याला आवडत होती, तीच, तिच्या दणदणाटासकट. आपण सुटलो, असं त्याला वाटायचं.

एकदा तिनं टाचा झिजल्या म्हणून बूट दुरुस्तीला दिले. त्यानं डावा बूट उलटा केला आणि तो तसाच हातात धरून बसला. टाच बाहेरच्या कडेला तिरकी झिजली होती, अगदी कोरल्यासारखी. उजव्याच्या तळाला अंगठ्याखाली एक गुळगुळीत गोल पडला होता. झिजलेला तळ कारागिराला माणसाच्या चेहऱ्यासारखा ओळखू यायचा, आणि ही टाच तर त्यानं स्वतःच्या हातानं वर्षानुवर्षं बदललेली होती. मग त्यानं मनाची समजूत घातली. साचा मुळात वाकडा, तेव्हा बूटही वाकडा झिजणार. सुंभ जळला तरी पीळ जायला वेळ लागतो. त्यानं साचा काढून आणखी थोडी कानस मारली, नवी टाच बसवली, आणि तिला काही सांगितलं नाही.

पुढे सिस्टर पायऱ्या एकेक उतरू लागली. विचारलं तर म्हणाली, काम वाढलंय, थकायला होतं, आणि ते पटण्यासारखं होतं. जिन्याच्या वळणावर ती भिंतीला तळवा टेकून क्षणभर थांबू लागली. तिच्या जुन्या चपला नव्या पलंगाखाली धूळ खात पडल्या. दुसरं काही घातलं की पाय परका वाटतो, म्हणायची. हसणं तेवढंच होतं, पण खालच्या आवाजात. एकदा तिनं इस्पितळातली गंमत म्हणून सांगितलं, की हल्ली रोगी तिला दचकतात. आधी ती येताना ऐकू यायची, आता म्हणे एकदम खाटेपाशीच उभी दिसते. सांगून ती हसली. कारागीरही हसला, पण त्याच्या हातातला दोरा सुईत जाईना.

आणि मग तो आवाज. एका पायाचा ठोका, दुसऱ्या पायाची घासत येणारी टाच. पहिल्यांदा त्यानं ऐकला तेव्हा तो मान खाली घालून कामच करत राहिला, आणि थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की हातोडा कधीच त्या तालावर पडू लागलाय.

हे फक्त त्याच्याच मनात होतं असंही म्हणायची सोय राहिली नाही. एका दुपारी ताई आली. स्वयंपाकघरात चहा करत ती कारागिराशी इकडचं तिकडचं बोलत होती, कुणाच्या सुनेची आणि कुणाच्या भाडेकरूची गाऱ्हाणी चालली होती. सिस्टर खाली दुकानात काहीतरी आणायला गेली होती, ती जिना चढून वर येऊ लागली. ताईचं बोलणं चालूच होतं, आणि बोलता बोलताच तिनं तीन कप मांडले, दोन कपांत साखर घातली, तिसरा तसाच भरला आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या सिस्टरच्या हातात दिला. बिनसाखरेचा चहा थोरली प्यायची. सिस्टरला दोन चमचे लागायचे, आणि कमी पडली तर ती तसं तोंडावर सांगायची. तिनं कप तोंडाला लावला आणि शांतपणे सगळा चहा प्याली.

ताईचा चमचा साखरेच्या डब्यातच राहिला. निघताना दारापाशी तिनं भावाचा दंड धरला आणि विचारलं, "काय केलंस रे तू?" त्यानंतर ताईचं येणं कमी झालं. गुडघे दुखतात असा निरोप यायचा.

ताई गेल्यावर त्यानं दुकानात जाऊन साचा उतरवला. उजव्या पावलावर, अंगठ्याच्या मुळाशी, चामड्याची चकती होती. त्यानं उचकटून काढलेली ती चकती. कडा रापीनं उतरत्या केलेल्या, त्याच्याच हाताच्या वळणाच्या. सरस पक्का, जुना. चवड्यावर कानशीचा एकही ओरखडा नव्हता. त्यानं बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग तो बोटं नाकाशी नेऊन हुंगत राहिला. सरसाचा वास येत होता, पण तो तर त्याच्या बोटांना कायमचाच होता. दुपारी जेवणानंतर त्याला डुलकी लागायची. जागा झाला की कधी कधी शेगडी आधीच पेटलेली असायची, आणि आपण ती कधी पेटवली हे आठवायच्या भानगडीत तो कधी पडला नव्हता.

पण त्याला खरी धास्ती वाटली ती याची नव्हे. चकती बघून त्याला पहिल्यांदा जे वाटलं होतं त्याची. त्याला बरं वाटलं होतं. अगदी आतून, लाज वाटावी इतकं बरं. मग त्याला हेही कळलं, की गेले कित्येक दिवस संध्याकाळ झाली की आपण काम बाजूला ठेवून जिन्याकडे कान लावून बसतो, आणि वाट बघतो ती धाडधाड येणाऱ्या बाईची नव्हे. वर त्याची बायको होती. जिवंत, त्याच्या भरवशावर आलेली. ती दिवसेंदिवस पुसली जात होती, आणि नवरा खाली बसून ते ऐकत होता, आणि त्याला ते गोड लागत होतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरला सुट्टी होती. दुपारी ती झोपली तेव्हा कारागिरानं दारातून तिचे बूट उचलले, दुकानाचं दार आतून लावलं आणि शेगडी पेटवली. बूट त्यानं रापीनं फाडून शेगडीत घातले. साचा मात्र त्याला हातातून सोडवेना. "जा आता," असं तो मोठ्यानं म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजानं त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं साचा निखाऱ्यांवर ठेवला. मुरलेलं लाकूड, पेटायला वेळ लागला. पण पेटल्यावर ते स्वच्छ जळलं, आवाज न करता, आणि शेवटी साध्या लाकडाची होते तशीच त्याची राख झाली. तो गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. बराच वेळ काहीच झालं नाही. त्याला वाटलं, संपलं.

जिन्यावर अनवाणी पावलं वाजली. एक ठोका, एक घासत येणारी टाच.

सिस्टर आत आली, तिनं शेगडीकडे पाहिलं, बाजूला पडलेल्या नाड्यांकडे पाहिलं. ती चिडली नाही. आता कामावर कशी जाऊ, एवढंच तिनं विचारलं.

"नवे करतो," तो म्हणाला. "तुझे. बैस, माप घेतो."

ती स्टुलावर बसली आणि तिनं पाय पुढे केला. कारागिरानं पायाचा आकार काढायला जमिनीवर कोरा कागद पसरला, आणि या वेळी थांबला नाही. त्यानं तो पाय दोन्ही हातांत घेतला. पाय गार होता. अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलं होतं. करंगळी शेजारच्या बोटाखाली सरकलेली. चवडा अरुंद. त्याचे हात न विचारता प्रत्येक जागी जात होते आणि प्रत्येक जागी त्यांना जे हवं ते सापडत होतं.

"बूट चुकीचा होता," तो घाईघाईनं बोलू लागला. "त्यानं पाय दाबला. माझी चूक, मी माप घेतलं नाही. पण पाय म्हणजे काही लाकूड नव्हे. नीट साच्यावरचा बूट घातला की हळूहळू पहिला आकार परत येतो. मी तुझ्या पहिल्या पायाचा साचा करतो. अगदी होता तसा."

"कसा होता?" तिनं विचारलं.

कारागिरानं तोंड उघडलं. त्याच स्टुलावर बसलेली ती त्याला आठवली, तिचं हसणं आठवलं, तिनं काढून ठेवलेल्या चपलाही आठवल्या. पुढे केलेला पाय आठवेना. रुंद होता की निमुळता? तळव्याला कमान होती की सपाट होता? कधीच जळून गेलेल्या हेडमास्तरांच्या पावलाची वाकडी नखं त्याला दिसत होती, शिंप्याच्या घोट्यावरचा डाग दिसत होता. बायकोच्या पायाच्या जागी काहीच नव्हतं. त्यानं त्या वेळी भिंतीकडे पाहिलं होतं.

"तुला आठवत असेल," तो कसाबसा म्हणाला. "तुझाच पाय आहे."

शेजारच्यांचं मूल आपल्या ओसरीवर येऊन बसलेलं बघावं, तसं तिनं आपल्या पायाकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. ज्यांचे नातेवाईक भेटायला येणार नाहीत हे ठाऊक असतं अशा रोग्यांशी ती ज्या मायेनं बोलायची, तेवढीच माया होती. तिनं स्वतःहून पाय कागदावर टेकवला आणि दुमडलेला कोपरा बोटानं सरळ केला.

"काढा," ती म्हणाली. "कोणाचाही काढा. मला उद्या कामावर जायचंय."